सुकाण्यापर्यंत आठ पावलं

दोन हजार बावीस साल होतं. मला सदुसष्ट पूर्ण झाली होती आणि मी अजून बोटीवर तांडेल होतो. म्हणजे बोट कधी काढायची, जाळं कुठल्या खुंटाला लावायचं, परत कधी फिरायचं, हे माझ्या शब्दावर चालायचं. आमचं घर डहाणूच्या खाडीच्या तोंडाशी. बोट माझी आणि धाकट्या भावाची, मोरूची, अर्धी अर्धी.

माझं शिक्षण चौथी, ती पण पुरी नाही. हे लिहायला मला व्यायाम शिकवणाऱ्या तळासरीच्या मॅडमनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. ते बोलत नाहीत. तुम्ही लिहा."

मी म्हटलं, "बोलत तर मी पण नाही."

"म्हणून तर लिहा."

तर लिहितो. ज्यांच्या आतड्याच्या खालच्या टोकाचं ऑपरेशन झालंय आणि ज्यांना आता संडास आवरत नाही, त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालेल.

रक्त

शौचाला रक्त पडत होतं दीड वर्ष. मी मूळव्याध समजून झाडपाल्याचं औषध खात होतो. जानकी, माझी बायको, म्हणायची डॉक्टरला दाखवा. मी म्हणायचो, मला कळतं. मला काय कळत होतं ते नंतर कळलं. एका सकाळी जाळं ओढता ओढता डोळ्यापुढे अंधारी आली आणि मी माशांवरच बसलो. मोरूने बोट वळवली. माझ्या शब्दाशिवाय बोट वळली ती पहिली वेळ.

मुंबईच्या दवाखान्यात डॉक्टरने कागदावर एक नळी काढली आणि नळीच्या शेवटी पेनाने काळं गोल केलं. "गाठ इथे आहे. कॅन्सर आहे. पण काढता येईल." मी त्या काळ्या गोलाकडे बघत एकच विचारलं, "बोटीवर कधी जाईन?" डॉक्टरने माझ्याकडे न बघता मोरूकडे बघितलं. बाहेर येऊन तिघांनी चहा घेतला. जानकीने तिचा चहा माझ्या कपात ओतला आणि मी तो पण प्यायलो. रिपोर्टची मोठी पिशवी मी काखेत धरली होती, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

पिशवी

ऑपरेशनचं मी जास्त लिहीत नाही. मोरू दोन रात्री व्हरांड्यात सतरंजीवर झोपला एवढं लिहितो, कारण ते पुढे लागणार आहे.

खालची वाट भरून येईपर्यंत पोटाला भोक पाडून पिशवी लावली होती. घाण त्या पिशवीत यायची. पाच महिने ती होती. तेव्हा मला वाटायचं यापेक्षा वाईट काही नाही. वॉर्डात माझ्या शेजारी गुजरातकडचा एक म्हातारा होता, त्याला पण पिशवी. तो मला म्हणायचा, "भाई, आ तो सारी छे, चांगली आहे. भरली की कळते." मी त्याच्यावर हसलो होतो. आता तो भेटला तर माफी मागेन. पिशवी भरली की कळायची, हे खरं होतं.

पिशवी काढून पोट शिवलं त्या दिवशी मी आळीत पेढे वाटले. डॉक्टर म्हणाले होते, थोडे दिवस जुळवून घ्यावं लागेल. थोडे दिवस म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

जाळ्यांची खोली

दिवसाला अठरा वेळा, वीस वेळा. आलं असं वाटायच्या आधी आलेलं असायचं. कधी वाटायचं नुसता वारा आहे आणि तो वारा नसायचा. खोकलो तर, शिंकलो तर, खाटेवरून उठलो तर. एकदा नातेवाईकांच्या पाया पडायला वाकलो आणि परत उठलोच नाही, देवाला नमस्कार करायचं निमित्त करून तिथेच बसून राहिलो, सगळे जाईपर्यंत.

घराच्या मागे जाळी ठेवायची खोली आहे. संडासाला लागून. मी तिथे झोपायला गेलो. जानकीला म्हटलं, घरात उकडतं. बाहेर पाऊस कोसळत होता, गारवा होता. त्या खोलीत कोपऱ्यात तिच्या जुन्या लुगड्याची फडकी असायची, धुतलेली, घडी घातलेली. मला वाटायचं, जाळी पुसायला ठेवली असतील. मी एक घ्यायचो. दुसऱ्या दिवशी परत तेवढीच असायची. माझी फडकी मी स्वतः धुवायचो आणि खोलीच्या आत, जाळ्यांच्या मागे, अंधारात वाळत घालायचो. ती नीट वाळायची नाहीत. कुबट वास यायचा. त्या वासात मी दीड वर्ष झोपलो.

संध्याकाळी आमच्याकडे म्हातारी माणसं खाडीच्या बांधावर बसतात. वारा बघतात, एकमेकांची उणीदुणी काढतात. माझी जागा तिथे ठरलेली होती. मी जायचं बंद केलं. दोन-चार दिवस कोणीतरी हाक मारली. मग हाका बंद झाल्या. मला खोलीतून त्यांचं हसणं ऐकू यायचं. कोण हसला ते मी आवाजावरून ओळखायचो.

चित्राचं लग्न

मोरूची मुलगी चित्रा. मोठा काका म्हणून पहिली अक्षता माझ्या हातून पडायची होती. मी आदल्या दिवसापासून जेवलो नाही, म्हणजे पोटात काही नसेल. पांढरा लेंगा-सदरा घातला. जानकी पुढे गेली होती. मी आळीच्या वळणापर्यंत पोचलो, मांडव दिसत होता, बेंजो वाजत होता. आणि तिथेच झालं. उपाशी पोटी पण झालं. पांढरा लेंगा.

मी भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखा आडवा चालत घरी आलो. निरोप पाठवला, ताप आहे.

दुसऱ्या दिवशी मला दारात उभं असलेलं लोकांनी बघितलं. ताप नाही, काही नाही. झालं. आळीत बोलणं सुरू झालं, तांडेल रुसलाय. सुकाणू मोरूच्या हातात गेलं म्हणून पुतणीच्या लग्नाला आला नाही. मोरूला पण तसंच वाटलं. जो माझ्यासाठी दोन रात्री सतरंजीवर झोपला, त्याला वाटलं.

मी एका वाक्यात ते पुसू शकत होतो. पण ते वाक्य तोंडातून निघेना. माणसं रुसलाय म्हणाली तरी तांडेल तांडेलच राहतो. दुसरं कळलं तर काय राहतं? म्हणून मी रुसलेला राहिलो.

कागद

दवाखान्यातून निघताना एक कागद मिळाला होता. त्यावर खालच्या स्नायूंचा व्यायाम लिहिला होता. आकुंचन करा, धरा, सोडा. आकुंचन म्हणजे आवळणं, हे मला कळलं. आवळणं म्हणजे ओढणं, हे मी माझ्या मनाने लावलं. जाळं ओढतात तसं. लग्नानंतर मी तो कागद काढला आणि जिद्दीला पेटलो. कागदावर दिवसातून तीन वेळा दहा-दहा लिहिलं होतं. मी दोनशे करायचो. श्वास भरायचा, दात आवळायचे, मुठी आवळायच्या आणि हाणायचं. घामाघूम व्हायचो.

दोन महिन्यांत आणखी बिघडलं. तपासायला गेलो तेव्हा मुंबईचे डॉक्टर म्हणाले, हा व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओ असतात, तुमच्याजवळ तळासरीला एक बसते, तिला भेटा.

तळासरी

डहाणूहून तळासरीला एसटी चारोटीवरून जाते. संडास नाही, वाटेत थांबा म्हणायची सोय नाही. मी चारोटी नाक्यावर उतरायचो आणि मागच्या गाडीने पुढे जायचो. नाक्यावर एक हॉटेल आहे. गल्ल्यावरच्या माणसाने दुसऱ्या वेळी मला नुसतं बघितलं आणि ड्रॉवरमधून मागच्या दाराची किल्ली काढून ठेवली. चहा घ्या म्हणाला नाही, काय झालं विचारलं नाही. पुढे मी दारात दिसलो की किल्ली गल्ल्यावर यायची. आम्ही एकमेकांचं नाव विचारलं नाही. आजारपणात मला सगळ्यात मोठा आधार कोणाचा वाटला असेल तर त्या किल्लीचा.

मॅडम माझ्या मुलीहून लहान. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "कुशीवर वळा काका. हातमोजा घालून बोटाने तपासावं लागेल."

"कशाला?"

"कुठला स्नायू काम करतो ते बाहेरून दिसत नाही."

"ते राहू द्या. तुम्ही व्यायाम सांगा, मी करतो."

"आणि चुकीचा केलात तर?"

"मी चाळीस वर्षं बोट चालवलीय."

"मी कुठे बोट चालवायला सांगतेय?"

मी चपला घातल्या आणि निघालो. एसटी स्टँडवर यायला आणि पोट सुटायला एकच गाठ पडली. बाकावर बसून राहिलो. डहाणूची एक गाडी गेली. दुसरी गेली. एक बाई शेजारी बसली आणि उठून लांब जाऊन बसली. तिचा काही दोष नाही. ऊन कलल्यावर कमरेला पंचा गुंडाळून गाडीत चढलो आणि रिकामी सीट असून चारोटीपर्यंत उभा राहिलो.

तीन आठवडे घरी बसलो. चौथ्या आठवड्यात परत गेलो. मॅडमनी पडदा ओढला आणि मी भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळलो. भिंतीवर पालीने खाल्लेल्या किड्याचा एक पंख चिकटलेला होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. ज्यांना या तपासण्याची लाज वाटते त्यांना सांगतो, ती लाज त्या पंखाएवढी आहे. दोन मिनिटं असते.

"आता घरी करता तसं करून दाखवा."

मी श्वास भरला, दात आवळले आणि ओढलं.

"काका! थांबा, थांबा! काय करताय?"

"ओढतोय."

"तुम्ही माझं बोट बाहेर ढकलताय. सगळा जोर खाली. रोज किती वेळा करता हे?"

"दोनशे."

त्या हसल्या नाहीत. बाहेर जाऊन पाणी पिऊन आल्या. मला वाटतं, हसून आल्या.

मग त्यांनी समजावलं. जड वजन ओढताना आपण श्वास कोंडतो, पोट कडक करतो, तेव्हा सगळा दाब खाली जातो. मी आयुष्यभर जाळं असंच ओढलंय. आमच्याकडे सगळे असंच ओढतात. आणि जिथून गळतंय तिथेच मी दिवसाला दोनशे वेळा दाब देत होतो, बरं व्हावं म्हणून.

"फूल मिटतं ना, तसं मिटायचं," त्या म्हणाल्या.

"फूल मिटताना मी बघितलं नाही."

"बरं. तुमच्या कामात असं काही आहे का, जे जोर न लावता बंद करतात?"

मला आठवावं लागलं नाही. आमचं डोल जाळं मोठ्या पिशवीसारखं असतं. तोंड रुंद, मागे निमुळतं होत जातं, आणि शेवटचं टोक दोरीने बांधतात. पाण्यात सोडायच्या आधी ती गाठ बांधायची. सैल राहिली तर सगळा माल समुद्रात. जोर लावून आवळली तर ओली दोरी अशी बसते की वर आल्यावर सुटत नाही, सुरी लावावी लागते. म्हणून ती दोन बोटांनी बांधतात, दोरी गोळा करत, आत घेत. चांगला बांधणारा गप्पा मारत बांधतो. मोरू तर गाणं म्हणत बांधतो.

मी हे सगळं भिंतीला सांगितलं. मागून मॅडम म्हणाल्या, "बास. ती गाठ बांधा. आणि तोंडाने गप्पा मारत राहा, म्हणजे श्वास कोंडणार नाही."

"काय गप्पा मारू?"

"भावाला शिव्या द्या."

मी मोरूला शिवी दिली आणि गाठ बांधली.

"हां," त्या म्हणाल्या. "आली."

एवढीशी होती. बोंबलाने शेपूट हलवावं एवढी. दोनशे वेळा घाम गाळून जे आलं नव्हतं ते एवढंसं होतं.

घड्याळ

मॅडमनी वही दिली. केव्हा जेवलो, केव्हा गेलो, केव्हा आवरलं नाही, ते लिहायचं. पंधरा दिवसांनी त्यांनी वही उलटसुलट केली. "काका, हे 'तृतीया, ओहोटी लागताना' म्हणजे किती वाजता?"

माझ्याकडे घड्याळ नव्हतं. कधी लागलंच नाही. आम्ही भरती-ओहोटीवर उठतो, तिच्यावरच जेवतो. ती रोज पाऊण तास पुढे सरकते, तसं आमचं जेवण पण सरकतं. आज पहाटे, आठवड्याने दुपारी. बोट सोडून दीड वर्ष झालं होतं तरी मी तसाच जेवत होतो. जानकी तशीच वाढत होती.

"आतड्याला रोजची ठरलेली वेळ लागते," मॅडम म्हणाल्या. "सकाळी सातला खा, मग संडासात जाऊन निवांत बसा. आलं नाही तरी बसा. रोज."

हे मला व्यायामापेक्षा जड गेलं. घड्याळावर जेवायचं म्हणजे जमिनीवरचा माणूस व्हायचं. मी आठ दिवस मॅडमशी मनातल्या मनात भांडलो. मग घड्याळ आणून जाळ्यांच्या खोलीत टांगलं. जानकी बघून म्हणाली, "तांडेलांची हाफिसाची वेळ झाली." पण सातला ताट समोर यायचं. सातला म्हणजे सातला.

सहा महिने गेले. वीसचे सात-आठ झाले. कधी सहा. पूर्ण कधी थांबलं नाही आणि थांबणार नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं. उठायच्या आधी गाठ, खोकायच्या आधी गाठ, उचलायच्या आधी गाठ आणि श्वास बाहेर. आलं असं वाटल्यावर आता हातात थोडा वेळ असायचा. आधी तो अजिबात नव्हता.

मोरू

दिवाळीच्या आधी मोरू ओट्यापाशी आला. वर चढला नाही. खालीच उभा राहून म्हणाला, "दादा, पावसाळ्यानंतर बोट पाण्यात जाऊन अडीच महिने झाले. तुझी जागा मी रिकामी ठेवलीय. खलाशी कमी पडतो. येणार नसशील तर सांग, मी दिवाळीनंतर माणूस घेतो."

"घे की."

"घेतला तर मग तो राहील. नंतर उठवणार नाही मी त्याला."

"येतो," मी म्हटलं.

"कधी?"

"दिवाळीनंतरच्या षष्ठीला. उधाण उतरलेलं असेल, काम हलकं."

तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं लग्नाचं काढेल. नाही काढलं. गेला.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "जा. पण बोटीवर एका माणसाला सांगून ठेवा."

"ते जमणार नाही."

"मग जाऊ नका."

"जाणार."

षष्ठी

पहाटे पाचला ओहोटीबरोबर निघालो. चौघं होतो, मी, मोरू आणि दोन खलाशी. सुकाण्यावर मोरू. मी पुढे नाळेवर, म्हणजे बोटीच्या टोकाला, बसलो. सातला मी डब्यातली भाकर खाल्ली. मोरू म्हणाला, "आता भूक लागली तुला?" मी म्हटलं, "हो." बोटीवर संडास नसतो हे सगळ्यांना माहीत आहे. आडोसा पण नसतो. मी आत लुगड्याची तीन फडकी घातली होती.

पाणी थांबल्यावर जाळं ओढायला घेतलं. मी आधी गाठ बांधली, श्वास सोडला आणि मग दोरी ओढली. सगळे दात आवळून ओढत होते आणि मी एकटा फू-फू करत. एक खलाशी म्हणाला, "काका, चूल पेटवताय काय?" मला हसू आलं. हसायच्या आधी पण गाठ बांधावी लागली. माल थोडाच होता, करंदी, मांदेली, थोडे बोंबील. पण ओल्या दोरीचा वास हाताला लागला. दोन वर्षांनी लागला.

मला वाटलं, जिंकलो.

परत आलो तर खाडीच्या तोंडाशी पाणी नव्हतं. भरतीचं पाणी चढेपर्यंत बाहेर थांबावं लागतं, हे मी चाळीस वर्षं केलंय, आणि तरी मी ते हिशेबात धरलं नव्हतं. घर समोर दिसत होतं. बोटींची वाट बघत बांधावर बसलेली म्हातारी माणसं दिसत होती. आणि दोन तास हलता येणार नव्हतं.

पोटात पहिली कळ आली. गाठ बांधली. गेली. दुसरी आली. मी तोंडाने मोरूला हळूच शिव्या देत गाठ धरली. गेली. तिसरी जाणार नाही, हे मला ती यायच्या आधीच कळलं.

दीड वर्षात मी इतका एकटा कधी नव्हतो जितका त्या बोटीवर तीन माणसांच्या मधे होतो. उडी मारावी असं पण मनात आलं. खोटं कशाला लिहू.

मग मी म्हटलं, "मोरू. मला आवरत नाही. ऑपरेशनपासून. लग्नाला पण त्याच्यामुळे आलो नाही."

वाक्य संपलं आणि मी उठलो. नाळेपासून सुकाण्यापर्यंत आठ पावलं आहेत. मी गाठ धरून आठ पावलं चाललो.

मोरू सुकाणू सोडून बाजूला झाला. त्याने दोरीचं टोक माझ्या हातात दिलं, धरायला. आणि मोठ्याने ओरडला, "नाळेकडे बघा रे सगळे!"

आमच्या बोटीवर असंच असतं. एक माणूस पोट मोकळं करायला मागे गेला की बाकीचे पुढे तोंड करतात. कोणी वळत नाही, कोणी हाक मारत नाही, आणि नंतर त्यावर कोणी एक शब्द काढत नाही. माझ्या बापाच्या बोटीवर तसंच होतं. मी तांडेल असताना मीच ओरडायचो. हजार वेळा ओरडलो असेन. आणि ज्या एका जागेवर कोणी बघणार नव्हतं त्या जागेपासूनच मी पळत होतो.

मोरू पण पुढे तोंड करून उभा होता. पाठ माझ्याकडे. तसाच, न वळता बोलला. "मी बारा वर्षांचा होतो. पहिल्यांदा बोटीवर आलेलो. लाजेने दोन दिवस पोट धरून बसलो होतो. तू काय केलंस आठवतं?"

"नाही."

"हेच ओरडलास."

मग तो म्हणाला, "लग्नात सांगायचं होतंस. मांडवात पण ओरडलो असतो."

दोघा खलाशांचे खांदे हलत होते. पण वळलं कोणी नाही.

मी समुद्राच्या पाण्याने स्वतःला धुतलं, फडकं बदललं. आठ पावलांत थोडं सांडलं होतं, थोडंच. मॅडमना मी नंतर म्हटलं, सहा महिन्यांत तुम्ही मला काय दिलंत, तर आठ पावलं. त्या म्हणाल्या, आता नऊ करू.

पाणी चढलं. मोरूने सुकाणू माझ्याकडे केलं आणि खाडीत बोट मी घेतली. बांधावरच्या म्हाताऱ्यांपैकी एकाने हात वर केला. मी पण केला. रात्री मात्र मी जाळ्यांच्या खोलीतच झोपलो. दीड वर्षाची सवय एका दिवसात जात नाही. आणि जानकीने पण घरात या म्हटलं नाही, ती पण आता एकटी झोपायला शिकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खाल्लं, संडासात निवांत बसलो, मग आदल्या दिवशीची तिन्ही फडकी धुतली आणि जाळ्यांच्या मागे न नेता समोरच्या अंगणात उन्हात घेऊन आलो. बोंबील वाळवायच्या दोरीवर टाकली.

जानकी आतून धावत आली. "तिथे नको! बोंबलांची दोरी आहे ती!" तिने तिन्ही उचलली, झटकली आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडच्या तारेवर, तिच्या लुगड्याशेजारी एकेक करून पसरली. चिमटे पण लावले.

मी ओट्यावर बसलो आणि समोरून माणसं जात-येत असताना सकाळच्या दहा गाठी बांधल्या.